कंटेनर की व्हीएम? छोट्या क्लस्टरवर इन्फिनीबँडचा वेग न गमावता काम लावायची पद्धत

कॉलेजच्या लॅबमध्ये, किंवा नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांना ॲनालिसिस करून देणाऱ्या एखाद्या ऑफिसात, चार-आठ सर्व्हर जोडून क्लस्टर उभा करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर लवकरच कुणीतरी विचारणार: "डॉकर टाकायचं की व्हीएम करायच्या?" डॉकर म्हणजे कंटेनर चालवायचं साधन, आणि कंटेनर म्हणजे प्रोग्राम व त्याला लागणारं सगळं एका पेटीत बंद केलेलं. व्हीएम म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी सर्व्हर. इंटरनेटवर याची उत्तरं ढीगभर आहेत, पण त्यातली बहुतेक वेबसाइटी चालवणाऱ्यांनी लिहिलेली. ओपनफोम (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं गणित) किंवा डब्ल्यूआरएफ (हवामानाचं मॉडेल) यांसारखं काम एकाच वेळी अनेक सर्व्हरवर पसरतं आणि त्यातल्या प्रोसेस सतत एकमेकींशी बोलत असतात. त्याचं गणित वेगळं. त्या बोलण्यासाठीच इन्फिनीबँड हे सर्व्हर जोडणारं वेगवान नेटवर्क वापरतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या सीपीयूच्या हिशेबात या दोघांत भांडण्याइतका फरक उरलेला नाही. २०१४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) आणि डॉकर यांची तुलना प्रसिद्ध केली होती. कंटेनर जवळपास प्रत्येक चाचणीत व्हीएमच्या बरोबरीचा किंवा सरस निघाला. पण त्याच अहवालात हेही होतं की डॉकरच्या स्वतःच्या नेटवर्कमधून, म्हणजे नॅटमधून (पत्ते बदलून पॅकेट पुढे पाठवणाऱ्या थरातून), भराभर पॅकेट जायला लागली की तिथे वेळ जातो. मेख तिथेच आहे. तुमचा प्रोग्राम नेटवर्क कार्डाशी थेट बोलतो की मध्ये कुणी बसलंय, एवढं बघा. बाकीचं त्यानंतर.

१. काम कसलं आहे ते आधी ठरवा

निफाड-दिंडोरी पट्ट्यातली थंडी किंवा अवकाळी पाऊस अभ्यासायला डब्ल्यूआरएफ चालवता, तेव्हा नकाशाचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसकडे जातो. गणिताच्या प्रत्येक पावलाला शेजारच्या तुकड्याच्या कडेवरची माहिती लागते. निरोप छोटे, पण त्यांची संख्या अफाट. अशा कामाला बँडविड्थपेक्षा (सेकंदाला किती माहिती जाते) लेटन्सी (एक निरोप पोचायला लागणारा वेळ) जास्त छळते.

याउलट, एकाच डायचं डिझाइन दोनशे वेगवेगळ्या मापांनी तपासायचं असेल आणि प्रत्येक रन एकाच सर्व्हरमध्ये मावत असेल, तर नेटवर्कचा प्रश्नच नाही. साधं गिगाबिट पुरतं आणि कंटेनर-व्हीएम यातलं जे हाताला येईल ते घ्या. पुढचा खटाटोप तुमच्यासाठी नाही.

२. जमवाजमव

- सर्व्हर: शक्यतो एकाच मॉडेलचे. बायॉसमध्ये व्हीटी-डी, किंवा एएमडी असेल तर आयओएमएमयू, आणि एसआर-आयओव्ही हे (व्हीएमला कार्ड थेट देण्यासाठी लागणारे) पर्याय आहेत का ते विकत घेण्याआधी बघा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर ते अर्धवट चालतात.
- कार्ड: वापरलेली मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ (५६ गिगाबिट) किंवा कनेक्टएक्स-४ (१०० गिगाबिट). मेलानॉक्स २०२० पासून एनव्हिडियाची आहे, म्हणून नवी कागदपत्रं त्या नावाने शोधा.
- केबल: क्यूएसएफपीची तांब्याची. रॅक एकच असेल तर दोन-तीन मीटरच्या आत भागतं.
- स्विच: दोनच सर्व्हर असतील तर लागत नाही, कार्डाला कार्ड थेट जोडा.
- सॉफ्टवेअर: आरडीएमए-कोअर (कार्डाशी थेट बोलायच्या लायब्ररी), ओपनएसएम (इन्फिनीबँडचं जाळं जुळवणारा सबनेट मॅनेजर), परफटेस्ट आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे ओएसयू बेंचमार्क (दोन्ही वेग मोजायला), ओपन एमपीआय (प्रोसेसमधल्या निरोपांसाठी), यूसीएक्स (त्या निरोपांचा मार्ग निवडणारं), स्लर्म (जॉब रांगेत लावून वाटणारं), ॲपटेनर (क्लस्टरवरच्या कंटेनरसाठी). व्हीएमच्या बाजूला केव्हीएम किंवा त्यावरच बांधलेलं प्रॉक्समॉक्स.
- कागद: कॉलेजात असाल तर तीन कोटेशन, जीएसटीचं बिल आणि वॉरंटीबद्दल लेखी दोन ओळी. लॅबचा मंजूर विद्युतभार आणि यूपीएसची क्षमता इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या. आयपी पत्ते आणि बायॉसचा पासवर्ड आयटीवाल्यांकडून आधीच मागून ठेवा, नाहीतर शनिवारी दुपारी अडाल.

खरेदीतले चार सापळे. एक, कनेक्टएक्स-३ च्या नावात "ईएन" असेल तर ते फक्त इथरनेट कार्ड. इन्फिनीबँडही हवं असेल तर "व्हीपीआय" लिहिलेलं घ्या. दोन, कनेक्टएक्स-३ साठी कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हर पॅकेजची ४.९ ही शेवटची मालिका. त्यापुढे लिनक्स कर्नलमध्ये असलेल्या ड्रायव्हरवरच भागवावं लागतं, आणि छोट्या क्लस्टरचं ते भागतं. तीन, मदरबोर्डवर स्लॉट सोळा लेनचा दिसतो, आत तारा चारच असतात. "एलएसपीसीआय" सविस्तर पर्यायाने चालवा आणि लिंक स्टेटसमध्ये किती लेन मिळाल्या ते वाचा. चार, स्वस्तात मिळणाऱ्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये सबनेट मॅनेजर नसतो. मग दिवे लागतात, लिंक "इनिशियलाइझिंग" वर अडकून राहते आणि माणूस केबल बदलत बसतो. कुठल्याही एका सर्व्हरवर ओपनएसएम सुरू केलं की लिंक "ॲक्टिव्ह" होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला रॅम आणि सर्व्हर मिळतील, पण इन्फिनीबँडची कार्डं ऑनलाइनच शोधावी लागतात. २५ गिगाबिट इथरनेट आधीच पडून असेल तर रॉकी व्ही-२ (इथरनेटवरून इन्फिनीबँडसारखं थेट बोलायची सोय) वापरून तेही चालवता येतं. फक्त स्विचवर पीएफसी आणि ईसीएन (गर्दीत पॅकेट हरवू नयेत म्हणूनचे नियम) नीट लावावे लागतात, आणि ते नवख्याचं काम नाही. पहिल्या क्लस्टरला मी इन्फिनीबँडच सुचवेन.

३. बेअर मेटलवर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

कंटेनर नाही, व्हीएम नाही, थेट लिनक्सवर आधी आकडे घ्या. नंतरच्या प्रत्येक वादात हेच आकडे कामाला येतात.

"आयबीस्टॅट" मध्ये लिंक ॲक्टिव्ह आणि रेट अपेक्षेइतका दिसला की परफटेस्टमधलं "आयबी_राइट_लॅट" आणि "आयबी_राइट_बीडब्ल्यू" दोन सर्व्हरमध्ये चालवा. मग ओपन एमपीआयवर "ओएसयू_लेटन्सी" आणि "ओएसयू_बीडब्ल्यू". छोट्या निरोपाला एक ते दोन मायक्रोसेकंद यायला हवेत. कनेक्टएक्स-३ आठ लेनच्या पीसीआय ३.० स्लॉटमध्ये असेल तर बँडविड्थ सेकंदाला सुमारे ६ गिगाबाइट. तुलनेसाठी, साध्या गिगाबिटवर टीसीपीने लेटन्सी काही दहा मायक्रोसेकंदांत जाते आणि बँडविड्थ ११८ मेगाबाइटच्या आसपास संपते.

हा फरक येतो कुठून? टीसीपीमध्ये प्रत्येक निरोप कर्नलमधून जातो. त्याची कॉपी होते, इंटरप्ट येतो, प्रोसेस जागी होते. आरडीएमएमध्ये प्रोग्राम एकदाच कर्नलकडून परवानगी घेतो आणि आपली मेमरी कार्डाकडे नोंदवतो. त्यानंतर कार्ड स्वतःच समोरच्या यंत्राच्या मेमरीत लिहितं आणि कर्नल मध्ये पडत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या भानगडी यातूनच निघतात.

मेमरी नोंदवायची म्हणजे ती रॅममध्ये जखडून ठेवायची, आणि लिनक्स साध्या युजरला ते फार करू देत नाही. म्हणून "मेमलॉक" ची मर्यादा "अनलिमिटेड" करावी लागते. इथे एक छुपी अडचण आहे. एसएसएचने लॉगिन करून "यूलिमिट" बघितलं तर अनलिमिटेड दिसतं, पण स्लर्ममधून पाठवलेला जॉब मात्र मेमरी मिळत नाही म्हणून मरतो. कारण जॉबला मर्यादा मिळते ती स्लर्मच्या सर्व्हिसकडून. सिस्टमडीमध्ये स्लर्मडीच्या फाइलीत "लिमिट-मेमलॉक" ला "इन्फिनिटी" द्या आणि मग एका छोट्या जॉबमधूनच "यूलिमिट" छापून खात्री करा.

दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर कार्ड कोणत्या सॉकेटला जोडलंय ते "एलएसटोपो" मध्ये बघा. दुसऱ्या सॉकेटवरून मोजलं की आकडे थोडे खाली येतात. मोजमाप कोणत्या कोअरवरून केलं तेही लिहून ठेवा.

४. कंटेनर लावा

कंटेनर म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. कर्नल तोच, प्रोसेस तशाच, फक्त नेमस्पेस (काय दिसावं) आणि सीग्रुपने (किती वापरावं) आखून दिलेल्या. त्यामुळे "देव" डिरेक्टरीतली इन्फिनीबँडची उपकरणं कंटेनरला दिसली, की आरडीएमएच्या मार्गात कंटेनरची भिंत येतच नाही.

विद्यार्थी लॅपटॉपवर डॉकर शिकून येतात आणि क्लस्टरवरही तेच मागतात. देऊ नका. डॉकरच्या ग्रुपमध्ये घातलेला युजर व्यवहारात रूटच असतो. इतरांच्या फाइली वाचणं त्याला दोन मिनिटांचं काम. क्लस्टरसाठी ॲपटेनर घ्या. हे मूळचं सिंग्युलॅरिटी, २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सुरू झालेलं, २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाताना नाव बदललेलं. यात आत जो युजर, बाहेरही तोच युजर. होस्टचं नेटवर्क आणि "देव" डिरेक्टरी आपोआप दिसतात, वेगळं काही द्यावं लागत नाही. इमेज एकाच एसआयएफ फाइलीत असते, त्यामुळे पायथनच्या हजारो छोट्या फाइली एनएफएसवरून (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून) एकेक उघडण्याचा जाच वाचतो. कॉलेजचं इंटरनेट रडत असेल तर तीच फाइल पेनड्राइव्हवर आणता येते, हाही फायदा कमी नाही.

डॉकरच वापरणं भाग असेल, उदाहरणार्थ एखाद्या सॉफ्टवेअर विक्रेत्याने तेच दिलंय, तर चार गोष्टी हाताने द्या: नेटवर्क "होस्ट", इन्फिनीबँडची उपकरणं, मेमलॉक अमर्याद, आणि सामायिक मेमरीचा आकार. डॉकर सामायिक मेमरी मुळात ६४ मेगाबाइटच देतो. एकाच सर्व्हरमधल्या एमपीआय प्रोसेस तिच्यातूनच बोलतात, त्यामुळे सोळा-बत्तीस प्रोसेसना ती पुरत नाही आणि जॉब बस एररने पडतो.

ॲपटेनरमध्ये नवख्यांना अडवणाऱ्या गोष्टी या:

एमपीआय दोन ठिकाणी असतं, होस्टवर आणि इमेजमध्ये. सर्वसाधारण पद्धतीत होस्टवरचं "एमपीआयरन" किंवा स्लर्म प्रत्येक प्रोसेससाठी कंटेनर उघडतं, म्हणून दोन्हीकडचं ओपन एमपीआय एकाच मोठ्या आवृत्तीचं ठेवा आणि पीएमआयएक्स (प्रोसेसना एकमेकींची ओळख करून देणारा भाग) जुळतंय ना बघा. जुळलं नाही तर गंमत होते. चौसष्ट प्रोसेसचा एक जॉब सुरू व्हायच्या ऐवजी एकेका प्रोसेसचे चौसष्ट जॉब सुरू होतात, प्रत्येकजण "मी शून्य क्रमांकाचा" असं छापतो, आणि सगळे एकाच आउटपुट फाइलीवर लिहितात.

होस्टचं एमपीआय इमेजमध्ये जोडून द्यायची दुसरी पद्धतही आहे. इमेज जुन्या उबुंटूची आणि होस्ट नवा असेल तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीवरून ती मोडते. मी ती टाळतो.

इमेज एका सर्व्हरवर "नेटिव्ह" पर्यायाने कंपाइल केली आणि दुसरा सर्व्हर जुन्या पिढीचा निघाला, तर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन". क्लस्टरमधल्या सगळ्यात जुन्या सीपीयूला धरून कंपाइल करा.

होम डिरेक्टरी आपोआप आत येते. विद्यार्थ्याने कधीकाळी स्वतःच्या होममध्ये टाकलेली पायथन पॅकेजेस इमेजमधल्या पॅकेजेसच्या आधी उचलली जातात, आणि "सर, तुमची इमेज बिघडली आहे" अशी तक्रार येते. इमेज ठीक असते. "नो-होम" पर्यायाने चालवून दाखवा.

आणि एकाच सर्व्हरमधल्या प्रोसेस वेगवेगळ्या युजर नेमस्पेसमध्ये उघडल्या गेल्या, तर सीएमए नावाची थेट मेमरी वाचायची सोय कर्नल नाकारतो. तसा इशारा दिसला की यूसीएक्सच्या मार्गांतून सीएमए वगळा. थोडी गती जाते, जॉब चालतो.

५. तो खरंच इन्फिनीबँडवर चाललाय का?

"कंटेनरमध्ये घातल्यावर हळू झालं" ही तक्रार आली की मी कंटेनरकडे बघतच नाही, एमपीआयने कोणता मार्ग धरला ते बघतो. इमेजमध्ये आरडीएमए-कोअर नाही, किंवा यूसीएक्सशिवाय ओपन एमपीआय बांधलंय, तर ओपन एमपीआय थांबत नाही. गुपचूप टीसीपीवर उतरतं, उत्तरं बरोबर देतं, फक्त वेळ कितीतरी जास्त घेतं. चूक दिसतच नाही, म्हणून ती महिनोन्महिने राहू शकते.

उपाय असा की त्याला पर्यायच ठेवायचा नाही. ओपन एमपीआयच्या "पीएमएल" पर्यायात "यूसीएक्स" सक्तीचं करा आणि "यूसीएक्स_टीएलएस" मध्ये "आरसी, एसएम, सेल्फ" (इन्फिनीबँड, सामायिक मेमरी, स्वतःशी) एवढेच मार्ग द्या. टीसीपी यादीतच नसल्यामुळे कार्ड सापडलं नाही तर जॉब सुरुवातीलाच ओरडून पडतो. मला तेच हवं असतं. इमेजच्या आतून "यूसीएक्स_इन्फो" चालवून कार्डाचं नाव दिसतंय का बघा. मग तिसऱ्या पायरीतलं "ओएसयू_लेटन्सी" कंटेनरमधून चालवा. बेअर मेटलचा आणि हा आकडा जवळजवळ सारखाच यायला हवा. दहापट आला तर तुम्ही आयपी-ओव्हर-इन्फिनीबँडवर (तार तीच, पण टीसीपी कर्नलमधून) आहात, तीसपट आला तर गिगाबिटवर.

६. व्हीएम लावायच्याच असतील तर

व्हीएममध्ये वेगळा कर्नल असतो आणि कार्ड हायपरव्हायझरच्या (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ताब्यात. व्हर्टआयओचं नेहमीचं आभासी नेटवर्क कार्ड दिलंत तर प्रत्येक पॅकेट होस्टमधून जाणार. वेबसाठी ठीक, एमपीआयसाठी नाही.

इथेच प्रॉक्समॉक्सवाले हमखास फसतात. इथरनेटचं कार्ड जसं ब्रिजमध्ये घालतात तसं इन्फिनीबँडचं घालायला जातात. ते होत नाही. इन्फिनीबँडला इथरनेटसारखा मॅक पत्ता नसतो, म्हणून लिनक्सचा ब्रिज ते घेतच नाही. त्यावर तासन्तास फोरम चाळू नका.

मार्ग दोन. अख्खं कार्ड एकाच व्हीएमला द्यायचं, याला पासथ्रू म्हणतात. किंवा एसआर-आयओव्हीने कार्डाचे आभासी भाग करून एकेक भाग एकेका व्हीएमला द्यायचा. एका विहिरीवर चौघांनी आपापल्या मोटारी बसवाव्यात तसं: पाणी तेच, पाइप ज्याचा त्याचा. दोन्हीत व्हीएमच्या आतला प्रोग्राम कार्डाशी थेट बोलतो आणि लेटन्सी बेअर मेटलच्या जवळ येते.

क्रम असा ठेवा. बायॉसमध्ये व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही चालू. कर्नलच्या बूट ओळीत आयओएमएमयू चालू. कार्डाच्या फर्मवेअरमध्ये "एमएलएक्सकॉन्फिग" ने एसआर-आयओव्ही चालू आणि भागांची संख्या, मग सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू. त्यानंतर होस्टवर आभासी भाग तयार करा. इन्फिनीबँडमध्ये प्रत्येक भागाला जीयूआयडी (ओळख क्रमांक) द्यावा लागतो, आणि कनेक्टएक्स-४ किंवा पुढचं कार्ड असेल तर ओपनएसएममध्येही व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं. हे राहिलं की व्हीएममध्ये कार्ड दिसतं पण लिंक "डाउन". शेवटी व्हीएफआयओ या कर्नलच्या सोयीने तो भाग व्हीएमला जोडा. कार्ड आणि दुसरंच काही उपकरण एकाच आयओएमएमयू ग्रुपमध्ये अडकलं असेल तर स्लॉट बदलून बघा.

नेटवर्क झालं तरी व्हीएम हळू वाटत असेल तर सीपीयूचा प्रकार तपासा. प्रॉक्समॉक्स सुरुवातीला जो सर्वसाधारण प्रकार देतो त्यात एव्हीएक्स (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) नसतं. तो बदलून "होस्ट" करा. ओपनफोम, डब्ल्यूआरएफ दोघांनाही हे झोंबतं. व्हर्च्युअल कोअर खऱ्या कोअरशी बांधा, न्यूमाची रचना (कोणती रॅम कोणत्या सॉकेटजवळ) आत दिसू द्या, आणि ह्यूज पेजेस द्या, कारण व्हीएममध्ये पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं आणि मोठी पानं तो खर्च कमी करतात.

बदल्यात काय जातं तेही ऐका. कार्ड थेट जोडलं की व्हीएमची सगळी मेमरी जखडली जाते, म्हणून आहे त्यापेक्षा जास्त रॅम वाटायची युक्ती बंद. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणंही साधारणपणे बंद. म्हणजे ज्या सोयींसाठी लोक व्हीएम घेतात त्यातल्या दोन मोठ्या इथेच संपल्या.

७. निवड

सगळे युजर आपलेच, विश्वासातले, आणि लिनक्स एकच चालणार असेल तर बेअर मेटलवर स्लर्म आणि ॲपटेनर. कॉलेजच्या बहुतेक लॅबना हेच लागू.

व्हीएम तेव्हा घ्या, जेव्हा कर्नलच वेगळा हवा, विंडोजवर चालणारं ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर बसवायचंय, किंवा दोन वेगळ्या ग्राहकांचा डेटा एकमेकांपासून तोडायची लेखी अट आहे. ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या करारात अशी अट असू शकते. करार स्वतः वाचा, तोंडी माहितीवर जाऊ नका. कंटेनरमध्ये कर्नल सामायिक असतो, हे ग्राहकाच्या आयटीवाल्याला माहीत असतं.

दोन्ही एकत्रही चालतं. लॉगिन नोड, लायसन्स सर्व्हर, स्लर्मचा कंट्रोलर हे सगळं साध्या व्हीएममध्ये ठेवा. त्यांना इन्फिनीबँड लागत नाही आणि बॅकअप सोपा होतो. गणिताचे नोड मात्र बेअर मेटलवर.

८. एप्रिल-मे आणि वीज

नाशिकची हवा थंड म्हणून मिरवतो आपण, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि इन्फिनीबँडची कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांच्या भरवशावर बनवलेली असतात. टॉवर कॅबिनेटमध्ये बसवलीत तर कार्डावर वेगळा पंखा लावा. महावितरणची वीज गेली तर यूपीएसवर सगळे नोड टिकवायचा हट्ट नको. स्टोरेज आणि ओपनएसएम चालवणारा नोड तेवढा टिकवा, आणि जॉबना ठरावीक वेळाने रीस्टार्ट फाइल लिहायला लावा.

९. मोठ्या यंत्रावर नेताना

काम वाढलं की राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांकडे बघा. पुण्यात आयसरमध्ये सी-डॅकने उभारलेलं परम ब्रह्म हे त्यातलंच. तुमची एसआयएफ फाइल तिथे नेता येईल, पण नेण्याआधी तिथल्या सपोर्टला चार गोष्टी विचारा: ॲपटेनर किंवा सिंग्युलॅरिटीची कोणती आवृत्ती आहे, एमपीआय कोणतं, सीपीयूची पिढी कोणती, आणि स्क्रॅचवरच्या (तात्पुरत्या साठ्यातल्या) फाइली किती दिवसांनी पुसल्या जातात. अशा यंत्रांवर वेळ मागताना कोअर-अवर्सचा अंदाज द्यावा लागतो. तो हवेतून काढू नका. तुमच्या क्लस्टरवर १६ कोअरच्या ४ नोडवर एक रन ५ तासांत होत असेल तर तो ३२० कोअर-अवर्सचा झाला. त्याला एकूण रनच्या संख्येने गुणा, फसलेल्या रनसाठी चौथा हिस्सा वर धरा आणि तोच आकडा लिहा. नोड दुप्पट केल्यावर वेळ किती उतरला, याचा तुमच्याच क्लस्टरवरचा आलेख अर्जासोबत जोडा.